दोनशे दहा रुपयांची पितळी पट्टी : घरच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ लिंक बसवून घेण्याच्या कामाचे परीक्षण

आरसीसीबीसोबत, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्यासोबत, आलेल्या पत्रकात लिहिले होते, म्हणून एका सकाळी मी स्टुलावर चढून त्याचे टेस्ट बटण दाबले. खटका टप्‌कन खाली पडला, आणि डोक्यावरचा पंखा जसा फिरत होता तसाच फिरत राहिला. दुसऱ्या आरसीसीबीचे बटण दाबले, तोही पडला. स्वयंपाकघरातला फ्रिज मात्र घुमतच होता. प्रत्येकी एकवीसशे रुपये देऊन बसवलेली दोन उपकरणे पडलेली आणि घरातला वीजप्रवाह अखंड चालू, हे दृश्य पाहिल्यावर डीबीचे, म्हणजे घरातल्या वीज-वाटपाच्या डब्याचे, झाकण उघडून कोणाला तरी दाखवणे भाग होते. त्यातून जे काम निघाले, त्याचे आणि त्यासाठी घेतलेल्या वस्तूंचे हे परीक्षण आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आमची इमारत १९९४ साली बांधलेली, पुण्यात सिंहगड रस्त्यालगतची. सुरुवातीला घरात लाकडी फळीवर किटकॅट फ्यूज होते. पुढे ती फळी निघून लोखंडी डीबी आली, एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला पडणारे खटके, आले, पण भिंतीतल्या तारा आणि त्यांची मांडणी तीच राहिली. गेल्या पावसाळ्यात फ्रिजच्या दांड्याला ओला हात लागला की बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा एका वायरमनकडून दोन आरसीसीबी बसवून घेतले. दोन यासाठी, की गिझरमध्ये गळती निघाली तर सगळे घर अंधारात जाऊ नये. त्या गृहस्थांनी दिवसभर खटपट केली. दिवा लावला की आरसीसीबी पडे. संध्याकाळी मात्र त्यांनी ‘आता पडत नाही, झालं काम’ असे सांगून पैसे घेतले. ते का पडत नव्हते, हे मला स्टुलावर चढेपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या खेपेला मी परवानाधारक विद्युत ठेकेदार शोधला. आपल्या राज्यात घरातील वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने, त्याच्याकडील पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांच्यामार्फत करायचे असते. भार वाढवून घेताना महावितरणकडे जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तोही अशाच ठेकेदाराचा चालतो. व्यवहारात मात्र आपण बहुतेक जण कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप ठेवतो आणि जो येईल त्याच्या हाती पक्कड देतो. मीही तेच केले होते. नवे ठेकेदार स्वतः आले, सोबत एक तरुण मदतनीस होता. पाहणीचे साडेतीनशे रुपये आधीच सांगितले होते आणि काम दिल्यास ते बिलातून वजा होणार होते.

झाकण उघडल्यावर दोन मिनिटांत त्यांनी निदान केले. “काकू, हे दोन्ही आरसीसीबी नुसते शोभेला आहेत. फेज बाहेरून नेलाय, न्यूट्रलही बाहेरून. आणि लिंक बघा, एकच आहे.” फेज म्हणजे वीज आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी, आणि लिंक म्हणजे अशा तारा एकत्र दाबून धरणारी धातूची पट्टी. त्यांनी टॉर्चचा झोत खालच्या बाजूला धरला. बोटभर लांबीची एक पितळी पट्टी, तिला सहा भोके, आणि त्या सहा भोकांत कोंबलेल्या अकरा काळ्या तारा. एका भोकात तर ३/२० ची, म्हणजे तीन धाग्यांची, जुनी तार आणि नवी अडीच चौरस मिलिमीटरची तार एकमेकींना पीळ घालून खुपसलेली होती. तिथले आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते आणि नखाने टोकरल्यावर त्याचा पापुद्रा निघाला. अर्थच्या, म्हणजे गळती जमिनीत नेणाऱ्या, नऊ हिरव्या तारांना लिंक नव्हतीच. त्यांची एक जाडजूड वेणी घालून ती डब्याच्या पत्र्याला एका स्क्रूखाली दाबली होती, आणि ठेकेदारांनी चिमटीत धरून हलवली तेव्हा ती वेणी सहज हलली. फ्रिजच्या झिणझिण्यांचे उत्तर तिथे होते. फ्रिजच्या पत्र्यावर उतरणारी किरकोळ गळती ज्या वाटेने जमिनीत जायला हवी, ती वाटच त्या सैल स्क्रूपाशी अडली होती.

एका स्क्रूखाली दोन तारा नकोत, हा नियम मी पूर्वीही ऐकला होता, पण तो का, हे पट्टी पाहिल्यावर समजले. जाड आणि बारीक तार एकत्र दाबली की स्क्रूचा सगळा जोर जाड तारेवर येतो, बारीक तार नुसती टेकलेली राहते. भार चढला की तो जोड तापतो, भार उतरला की गार होतो, आणि या रोजच्या प्रसरण-आकुंचनात स्क्रू आणखी सैल पडतो. एमसीबीला यातले काही कळत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. फक्त जोड तापत असतो. शिवाय न्यूट्रल सुटला की उपकरण बंद पडते आणि माणसाला वाटते वीज गेली, प्रत्यक्षात त्या उपकरणापर्यंत फेज आलेलाच असतो आणि सुटलेले न्यूट्रलचे टोकही त्या उपकरणातून आलेल्या दाबाने धोकादायक झालेले असते.

आता मुख्य मुद्दा. आरसीसीबी आपल्यातून गेलेला आणि परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फेजमधून जेवढे गेले तेवढे न्यूट्रलमधून परत आले पाहिजे; फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत तो पडतो, कारण तेवढा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. यामुळे एका आरसीसीबीतून निघालेल्या फेजचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत यावा लागतो. घरात दोन आरसीसीबी आणि न्यूट्रलची पट्टी एकच असेल, तर दुसऱ्या गटातला प्रवाह परतताना पहिल्याच्या दारातून शिरतो. दुसऱ्याला वाटते गेले ते परत आले नाही; पहिल्याला वाटते आपण पाठवले नव्हते ते कुठून आले; आणि दोघेही पडतात. यासाठी गळती लागत नाही, नऊ वॅटचा एलईडी दिवा पुरतो, कारण २३० व्होल्टवर तोदेखील चाळीसच्या आसपास मिलिअँपिअर घेतो. आधीच्या वायरमनने ‘जुने वायरिंग आहे, गळती असणार’ असे म्हणून हात टेकले आणि दोन्ही आरसीसीबींना वळसा घालून तारा थेट मेन स्विचला जोडल्या. टेस्ट बटण तरीही चालत होते, कारण ते उपकरणाच्या आतल्या आत स्वतःपुरती गळती घडवून खटका तपासते. पुढे घर जोडलेले आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून बटण दाबताना खटक्याकडे न पाहता घरातल्या दिव्याकडे पाहावे, एवढे मी या अनुभवातून प्रत्येकाला सांगत असते.

काम ठरले ते असे : प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक, अशा दोन; आणि अर्थसाठी एक लांब वेगळी लिंक. सामान मी स्वतः बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले, आणि ठेकेदारांनी त्याला हरकत घेतली नाही, उलट काय पाहून घ्यायचे ते कागदावर लिहून दिले. दुकानदाराने आधी जी लिंक पुढे केली ती पिवळीधमक, हलकी आणि नव्वद रुपयांची होती. मी पर्समधून फ्रिजवरचा चुंबक काढून तिला लावला, तो चिकटला. लोखंडावर पितळी मुलामा. दुकानदार ओशाळला नाही. “ती पण चालते, लोक नेतात,” एवढेच म्हणाला आणि आतून दुसरी काढली. ही दोनशे दहाची, भरीव पितळेची, ६३ अँपिअरची, आठ तारांची. हातात घेतल्यावर वजन जाणवत होते आणि चुंबक तिच्यावरून घसरत होता. आपल्याकडे पितळेचे असे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर गुजरातेत जामनगरला होतात.

या लिंकच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. एका टोकाला येणाऱ्या जाड तारेसाठी मोठे भोक आहे, त्यात सहा चौरस मिलिमीटरची तार लगसकट, म्हणजे टोकावर दाबलेल्या धातूच्या टोपीसकट, आरामात बसली. प्रत्येक भोकाला दोन स्क्रू आहेत, त्यामुळे तार एका बिंदूवर न दाबता दोन ठिकाणी धरली जाते. पट्टी काळ्या इन्सुलेटेड पायांवर उभी आहे, आणि न्यूट्रलसाठी हे अत्यावश्यक आहे, कारण न्यूट्रलची पट्टी डब्याच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. दोष दोन आहेत. स्क्रूंची डोकी मऊ असल्यामुळे चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला तर खाच लगेच झिजते; आमच्या मदतनिसाने एक झिजवलीच. दुसरे, वरचे पारदर्शक झाकण इतके ढिले आहे की डीबीचे दार आपटले की ते निसटते. दोनशे दहा रुपयांत झाकणाची पकड नीट देता येणार नाही, असे मला वाटत नाही. अर्थसाठी घेतलेली बारा तारांची लिंक दोनशे साठला मिळाली, तिच्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांना नवी डीबीच घ्यायची आहे त्यांनी हे सुटे प्रकरण टाळावे. हॅवेल्स, लेग्राँड, श्नायडर अशा कंपन्यांच्या डीबींमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पट्ट्या मुळातच येतात. घेताना न्यूट्रलची पट्टी एकच आहे की आरसीसीबीगणिक वेगळी आहे, तेवढे विचारावे. आमचा डबा भिंतीत पुरलेला, भोवती फरशा लावलेल्या, आणि आत जागा भरपूर; म्हणून लिंक वाढवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

कामाच्या दिवशी ठेकेदार दहाऐवजी सव्वाअकराला आले. ही तक्रार नोंदवते आणि पुढे जाते, कारण त्यानंतरची त्यांची पहिलीच कृती मला फार आवडली. डीबीतला मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्या वरच्या टोकाशी वीज असतेच, म्हणून ते खाली मीटरच्या खोलीत गेले, आमच्या मीटरपुढचा किटकॅट फ्यूज ओढून काढला आणि तो स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. मदतनिसाला म्हणाले, “खिशात असला म्हणजे कोणी परत लावणार नाही.” वर येऊन टेस्टरवर विसंबून न राहता त्यांनी मीटरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांत मोजले, मग हात घातला.

मग सुरू झाला सगळ्यात वेळखाऊ भाग : कोणता न्यूट्रल कोणत्या एमसीबीचा. जुन्या तारांवर खुणा नव्हत्या. एकेक तार मोकळी करून, खोलीतल्या बोर्डापर्यंत सातत्य तपासून, तिच्यावर क्रमांकाची छोटी नळी चढवत त्यांनी दहा न्यूट्रल वेगळे काढले. दोन ठिकाणी न्यूट्रलसाठी लाल तार वापरलेली निघाली. ती बदलणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळली. प्रत्येक तारेच्या टोकावर पिन लग चढवून पक्का दाबला, कारण आजची घरगुती तार अनेक बारीक धाग्यांची असते आणि स्क्रूखाली थेट दिली तर धागे पसरतात, काही तुटतात. या कामात घाई अजिबात दिसली नाही.

अर्थची लिंक मात्र उलट पद्धतीने बसते, ती डब्याच्या पत्र्यालाच घट्ट लागली पाहिजे, म्हणजे डबाही अर्थ होतो. पत्र्यावर पावडर कोटिंगचा रंग असतो आणि रंग म्हणजे आवरणच. म्हणून ठेकेदारांनी पट्टीखालचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. इथेच त्यांच्या कामातली एक चूकही सांगायला हवी. डब्याला नवे भोक पाडताना त्यांनी एमसीबींवर काही झाकले नाही. लोखंडाचा कीस आत पडला. मी दाखवून दिल्यावर ब्रशने आणि शेवटी आमच्या व्हॅक्यूम क्लीनरने तो काढला, पण हे सांगावे लागायला नको होते.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी, दोन्हीकडे तारा परतीच्याच, मग त्या एकमेकींना जोडल्या तर काय बिघडते, हा प्रश्न मला पडला होता, कारण न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेल्या चित्रफितीत तर एका हिरव्या स्क्रूने दोन्ही जोडलेले दिसत होते. ठेकेदारांनी समजावले की तिकडे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये तो जोड नियमानेच करतात, पुढच्या उप-पॅनेलमध्ये मात्र तिकडेही करत नाहीत. आपल्याकडे न्यूट्रल वितरण कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, आणि ग्राहकाने घरात तो पुन्हा जोडायचा नसतो. आरसीसीबीच्या पुढे कुठेही जोडला तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थमधून निसटतो आणि आरसीसीबी पडतो. परदेशी चित्रफिती पाहून स्वतःच्या डीबीत हात घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

नेमका असाच एक जोड आमच्या घरात निघाला. सगळे लावून झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील रोध मोजला. नऊ सर्किटे उत्तम. गॅलरीच्या सर्किटला काटा शून्यावर. बोर्ड उघडला तर कधी काळी कोणीतरी गॅलरीतल्या दिव्याचा तुटलेला न्यूट्रल शोधण्याऐवजी अर्थची तारच न्यूट्रल म्हणून वापरली होती आणि दोन्ही एकाच टोकाला बांधली होती. नवी काळी तार ओढून ते मिटले. एक गोष्ट इथे लक्षात आली : हा दोष सापडला तो प्रत्येक न्यूट्रल वेगळ्या स्क्रूखाली होता म्हणून. सहा भोकांत अकरा तारा असताना एकेक सर्किट सुटे करून मोजणे शक्यच नव्हते.

वीज परत आली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि मला वाटले संपले. शयनगृहातला पंखा लावला आणि दोन्ही आरसीसीबी पडले. ठेकेदार हसले. पंखा इन्व्हर्टरवर, म्हणजे त्याचा फेज पहिल्या गटातून येणारा. पण न्यूट्रल मात्र बोर्डातल्या बोर्डात शेजारच्या प्लगच्या सर्किटमधून उचललेला, म्हणजे दुसऱ्या गटाचा. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरांत हे सर्रास आढळते, कारण एरवी त्याने काही अडत नाही. इन्व्हर्टर आणि त्यावर चालणारे सगळे दिवे-पंखे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरून, एकाच गटात आणायला आणखी तासभर गेला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी ठेकेदाराशी बोलताना ही गोष्ट पहिल्यांदा काढावी आणि त्या तासाचे पैसे धरूनच ठरवावे.

शेवटची चाचणी त्यांनी माझ्यासमोर केली. प्रत्येक प्लगमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात चाचणीचा दिवा लावला, की त्या गटाचा आरसीसीबी पडे आणि दुसरा तसाच राही. फेज ते अर्थ २३१ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ २ व्होल्ट. झाकणाच्या आत त्यांनी सर्किटांची यादी लिहून चिकटवली. ती स्केचपेनने लिहिल्यामुळे महिन्याभरात फिकट झाली आणि मी ती छापून पुन्हा लावली.

बिल असे : तीन लिंक ६८० रुपये, तार-लग-नळ्या ३४०, मजुरी २८००, पाहणीचे साडेतीनशे मजुरीतून वजा. हे काम पहिल्यांदाच नीट झाले असते तर आधीची मजुरी वाचली असती, हे खरे, पण त्याचा दोष या ठेकेदारांकडे जात नाही. कामासाठी मी पाचपैकी चार गुण देईन. उशीर आणि लोखंडाचा कीस मिळून एक कापला. लिंकला साडेतीन, झाकणामुळे.

इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचे काम मात्र बाकी आहे. डीबीतली पट्टी कितीही घट्ट असली तरी तिची तार खाली ज्या खड्ड्यात जाते तो कोरडा असेल तर उपयोग मर्यादितच. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात अशा खड्ड्यातली प्लेट किमान ६० गुणिले ६० सेंटिमीटरची सांगितली आहे. आमच्या सोसायटीच्या खड्ड्यावरचे झाकण गेल्या रंगकामात सिमेंटने बुजले आहे आणि आत पाणी घालायची सोयही राहिलेली नाही. ठेकेदारांनी खड्ड्याचा रोध मोजून द्यायची तयारी दाखवली आहे, समितीच्या सभेत विषय ठेवला आहे.

ठरल्याप्रमाणे महिन्याने ते स्क्रू पुन्हा आवळायला आले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. चार स्क्रूंनी पाव फेरा घेतला, बाकीचे जागचे हलले नाहीत. झिजलेल्या खाचेचा स्क्रू त्यांनी बदलला. लिंकचे झाकण तेवढे अजूनही दार आपटले की पडते.